डिमेन्शिया झालेल्या माणसासाठी गावाकडचं घर सुरक्षित कसं करायचं

माझ्या बाबांना डिमेन्शिया आहे, म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू कमी होत जाणारा आजार. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस. रात्री दीडच्या सुमारास कडी वाजली म्हणून उठलो, तर बाबा डोक्याला दुपट्टा गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन अंगणात उभे. बॅटरीत सेल नव्हते. पायात चप्पल नव्हती.

"कुठं निघाले बाबा?"

"मोटर लावाले जातो. लाइन आली असंल."

शेत चार वर्षांपासून मक्त्यानं दिलेलं. विहिरीला कठडा नाही, आणि वाटेत नाला.

तोवर माझ्या मते मी घर सुरक्षित केलेलं होतं. म्हणजे मोबाइलवर वाचून फर्निचरच्या कोपऱ्यांना रबर लावलं होतं. आमच्याकडे फर्निचर म्हणजे एक दिवाण आणि दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेला सल्ला वर्धा जिल्ह्यातल्या घराला, जिथं माजघरात कापूस भरलेला असतो, गोठ्यात फवारणीचा पंप असतो आणि संडास अंगणाच्या टोकाला असतो, कसा पुरणार? त्या रात्री एक कळलं. डोकं साल विसरतं, हात काम विसरत नाहीत. बाबांनी आयुष्यभर रात्रीच्या पाळीत ओलीत केलं, फवारणी केली, बैल बांधले-सोडले. त्यांचे हात अजून तेच करायला उठतात. कसं करायचं, कुठं थांबायचं, हे मात्र डोकं आता सांगत नाही. म्हणून धोक्यांची यादी घराकडे पाहून करू नका. तुमच्या माणसानं जन्मभर काय काम केलं ते पाहून करा. शेजारच्या आजी पहाटे चारला उठून चूल पेटवायला जातात. त्यांच्या घरची यादी आमच्यापेक्षा वेगळी निघाली.

आधी डॉक्टर

'म्हातारपणी होतंच असं' म्हणून आम्ही दीड वर्ष घालवलं, तुम्ही घालवू नका. थायरॉइड कमी पडणं, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडणं, जुनं नैराश्य, काही औषधं, यांनीही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारानं बराच सुधारू शकतो. रक्ताच्या साध्या तपासण्यांत यातलं पुष्कळ कळतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. नागपूर, यवतमाळ, अकोल्याची सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, सेवाग्रामचं रुग्णालय आहे.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. कालपर्यंत बरा असलेला माणूस आज अचानक भलतंच बडबडायला लागला, गुंगीत गेला, नसलेल्या माणसांशी बोलायला लागला, तर त्याला 'आजार वाढला' म्हणू नका. लघवीतला संसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, साखर कमी-जास्त होणं, डोक्याला मार, असं काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि हे आपल्याच घरी आलं असं समजून लपवत बसू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या पाहणीत साठी ओलांडलेल्या शंभर माणसांमागे सात-आठ जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला, आणि प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. तुमच्या गावात आणखी घरं आहेत, ती फक्त बोलत नाहीत.

एक दिवस मागं मागं फिरा

पैसे खर्च करण्याआधी एक पूर्ण दिवस आणि एक रात्र त्या माणसाच्या मागं राहा. अडवायचं नाही, शिकवायचं नाही, फक्त वहीत टिपायचं: किती वाजता उठले, कशाला हात लावला, कुठं अडखळले, कोणत्या दाराशी जाऊन उभे राहिले, कशाला घाबरले.

माझ्या वहीत पहिल्याच दिवशी निघालं की बाबा सकाळपासून तीनदा गोठ्याच्या कोनाड्याशी गेले. तिथं फवारणीचं औषध असायचं. संध्याकाळी खुंटीवर टांगलेल्या माझ्या रेनकोटला ते 'कोण हाये तिथं?' म्हणून विचारत होते. आणि मोरीच्या पायरीशी दरवेळी थबकत होते, कारण पायरी आणि फरशी एकाच करड्या रंगाची. हे मला घरात बसून सुचलं नसतं.

पहिल्याच दिवशी: विष, विहीर, वीज, विस्तव

बाकी सगळं महिनाभरात करा. हे चार 'वि' त्याच दिवशी.

विष आधी. आपल्याकडे कीटकनाशक, तणनाशक, उंदराचं औषध, डांबरगोळ्या, फिनाइल आणि संडासाचं ॲसिड ही सगळी माणसाच्या हाताशी पडलेली असतात. युरियाचे दाणे साबुदाण्यासारखे दिसतात. नजर अंधूक आणि चव कमी झालेल्या माणसाला फरक कळत नाही. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय तर आजच मोडा. ज्याला बाटली म्हणजे पाणी एवढंच आठवतं त्याच्यासाठी ती बाटली म्हणजे मरण आहे. औषध मूळ डब्यात, लेबलासकट, कुलूपबंद पेटीत आणि शक्यतो राहत्या घराबाहेर ठेवा. आम्ही धान्याची जुनी लोखंडी कोठी गोठ्याच्या मागं ठेवून तिला कुलूप लावलं. किल्ली माझ्या करदोट्याला. रिकामे डबे भोकं पाडून निकामी करा, पाणी भरायला वापरू नका. फवारणीचा पंप धुतला तरी बाबांच्या नजरेआड ठेवतो, कारण तो दिसला की ते पाठीवर चढवतात.

तरी पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. काही औषधं उलटी होताना फुप्फुसात जाऊन जास्त घात करतात. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्यानं धुवा. धुताना स्वतःच्या हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला. १०८ ला फोन करा आणि डबा सोबत न्या. डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोग त्या लेबलाचा होतो.

विहीर अंगणात असेल तर तिच्यावर लोखंडी जाळीचं झाकण आणि त्याला कुलूप. गावातल्या वेल्डरकडून एका दिवसात होतं. पाण्याच्या जमिनीतल्या टाक्यालाही तेच. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं विहिरीइतकंच वाईट: उतारावर पाय घसरला की धडधाकट माणसालाही वर येता येत नाही. कुंपण नसेल तर निदान गाठी मारलेला एक दोर आणि टायर आत सोडून ठेवा.

वीज म्हटलं की आपल्याकडे आधी कूलर. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं दगावतात, ती सगळी काही डिमेन्शियाची नसतात. बाबांना कूलरचं पाणी संपलं की ओल्या हातानं आतली ताटी चाचपायची सवय. लोखंडी बॉडीचा कूलर असेल तर तो खिडकीच्या बाहेर, हात पोचणार नाही असा बसवा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. पिन तीन आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं, कित्येक घरांत ती तिसरी तार कुठंच जात नाही. मेन बोर्डात ३० मिलीॲम्पिअरचं गळती-विरोधी ब्रेकर बसवा. लाइन अंगातून जमिनीत जायला लागली की ते क्षणात बंद पडतं. आमच्या घरात मी जो काही खर्च केला त्यातला हा सगळ्यात कामाचा. पाणी भरताना प्लग उपसून ठेवायचा, हा नियम घरातल्या शहाण्यांसाठीही.

आणि विस्तव. दिवाळीनंतर भाव वाढायची वाट पाहत कापूस माजघरात भरून ठेवणारं घर आणि त्यात बिडी ओढणारे आजोबा, ही जोडी मला साप-विंचवापेक्षा भीतीची वाटते. कापसात ठिणगी आतल्या आत धुमसत राहते, वरून कळत नाही. ज्या घरात असं माणूस आहे तिथं कापूस वेगळ्या खोलीत, कुलपात; जागाच नसेल तर चार पैसे कमी घेऊन लवकर विका, असं मी सांगीन. बिडी बंद करायला लावू नका, ते भांडण जिंकता येत नाही. आगपेटी तुमच्याकडे ठेवा, मागितली की ओसरीवर बसवून तुम्ही पेटवून द्या, पाणी घातलेला टिनाचा डबा पुढ्यात ठेवा. गॅसचं रेग्युलेटर रात्री आणि दुपारी घर रिकामं असताना बंद. चुलीतला निखारा जेवणानंतर पाण्यानं विझवायचा, राखेत झाकून ठेवायचा नाही. देवापुढचा दिवा आईनं सोडायला नकार दिला, आणि बरोबरच आहे. मग ठरलं, दिवा लागेल तेवढा वेळ आई तिथं बसेल, उठताना शांत करेल. रात्रभर तेवत्या समईच्या जागी विजेचा छोटा दिवा आला. शेजारच्या आजींना चुलीपासून तोडलं नाही. पहाटे सून आधी उठून चूल पेटवते आणि आजी बाजूला पाटावर बसून फुंकणीनं फुंकतात. पदर कमरेला खोचलेला.

रात्रीची वाट

रात्री पडण्याचा धोका मोठा, विशेषतः लघवीला उठल्यावर. म्हणून पलंगापासून संडासापर्यंतची वाट हेच एक वेगळं काम समजा. त्या वाटेवरून एकदा रात्री, लाइन बंद करून, स्वतः चालून पाहा.

पलंगापासून सुरुवात. बाज सैल झाली की माणूस त्यात रुततो आणि उठताना तोल जातो. बसल्यावर पाय जमिनीला सपाट टेकतील एवढा उंच, कडक गादीचा पलंग हवा. पावसाळ्यात जमिनीवर झोपवूच नका, सापाविंचवाचे दिवस; मच्छरदाणी गादीखाली खोचून लावा, पण बाबांसारखा माणूस तिच्यात गुरफटतो, तेव्हा उठायची बाजू कोणती ते ठरवून तिथं सैल ठेवा.

उजेड हवा, डोळ्यावर येणारा नको. लाइन जाण्याचा प्रश्न आहेच, त्यामुळे लाइन गेल्यावरही चालणारा चार्जिंगचा बल्ब पलंगाजवळ आणि अंगणात माणूस आला की आपोआप लागणारा सोलर दिवा. खुंटीवरचे कपडे, टोपल्या, भिंतीवरचा आरसा यांनी संध्याकाळी घाबरगुंडी उडते. आमचा आरसा दिवे लागले की टॉवेलनं झाकतो.

रंगाचं गणित थोडं समजून घ्या. या आजारात डोळा चांगला असला तरी मेंदूला खोली आणि कड नीट कळत नाही. चकचकीत फरशी ओली वाटते, काळं पायपुसणं खड्डा वाटतं आणि माणूस त्यावरून उडी मारायला जातो. पायपुसणी उचलून टाका. उंबरठा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा चार बोटं रुंद पट्टा मारा. आमच्याकडे शंभर मिलीच्या एका डब्यात सगळं घर झालं, आणि मोरीच्या पायरीशी थबकणं त्याच आठवड्यात कमी झालं. पांढऱ्या फरशीवर पांढरा मग ठेवला तर दिसत नाही. लाल बादली, लाल मग ठेवा.

संडास दूर असेल तर ओसरीपासून तिथपर्यंत बांबूचा कठडा बांधा, हात धरून चालता येईल असा सलग. दारावर मोठं चित्र किंवा नुसता ठळक रंग. आतली कडी काढून टाका. बाबा एकदा आत अडकले आणि दार तोडावं लागलं, त्यात ते इतके घाबरले की आठ दिवस संडासात जाईनात. रात्री मात्र तेवढं अंतर नकोच. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, तिचे पाय रबराचे आहेत ना बघा. भारतीय संडासावर बसून उठणं गुडघ्यांना झेपत नसेल तर त्याच खुर्चीचं भांडं काढून ती वर ठेवता येते.

आंघोळीला प्लॅस्टिकची खुर्ची, खाली खरखरीत रबरी चटई. पकडायला सव्वा इंची लोखंडी पाइप. उंची मापून ठरवू नका, त्या माणसाला उभं करून कोपर किंचित वाकलेलं असताना हात जिथं पडेल तिथं खूण करा. मातीच्या भिंतीत पाइप ठोकू नका, पहिल्या झटक्यात भिंतीसकट हातात येतो. जमिनीत खड्डा घेऊन सिमेंटमध्ये उभा खांब गाडायला गवंड्याला सांगा. पाणी घालताना बादलीत आधी थंड, मग गरम, आणि आपला कोपर बुडवून पाहायचा. गरम पाण्याची बादली एकटी सोडून टॉवेल आणायला जायचं नाही.

निघून जाणं

'भटकतात' हा शब्द मला पटत नाही. ते कुठंतरी निघालेले असतात: मोटर लावायला, बैलांना पाणी पाजायला, माहेरी. 'माह्या घरी जाऊ दे ना वं' म्हणणाऱ्या आजी स्वतःच्या घरातच बसलेल्या असतात. 'हेच तुझं घर' असं दहादा पटवून काही होत नाही. भूक, तहान, लघवी, अंगात दुखणं, की संध्याकाळची हुरहूर, ते आधी बघा.

कुलूप लावून कोंडू नका. आग लागली तर किल्ली शोधत बसाल, आणि माणूस दाराशी डोकं आपटून घेईल ते वेगळंच. त्याऐवजी कडी नेहमीच्या जागेवरून हलवून दाराच्या अगदी वरच्या टोकाला लावा. हात सवयीच्या जागी शोधतो. दुसरं म्हणजे आवाज. पोळ्याला बैलांच्या गळ्यात घालतो ती घुंगरमाळ मी दाराला बांधली. दार हललं की सगळं घर उठतं.

त्या ओलिताच्या रात्री मी बाबांशी वाद घातला होता: शेत मक्त्यानं दिलं, तुम्ही आजारी आहात, झोपा. ते रडले, चिडले, पहाटेपर्यंत झोपले नाहीत. पुढच्या आठवड्यात आईनं युक्ती केली. माळ्यावर पडलेला मोटरचा जुना स्टार्टर उतरवला, त्याच्यातल्या तारा मी काढून टाकल्या आणि ओसरीच्या भिंतीवर बाबांच्या खांद्याच्या उंचीला तो बसवला. आता रात्री उठले की बाबा तिथं जातात, हिरवं बटण दाबतात, कान देऊन ऐकतात, 'लाइन नाही' म्हणतात आणि येऊन झोपतात. हे फसवणं आहे का, यावर माझा भाऊ अजून माझ्याशी भांडतो. तो नागपूरला राहतो.

दिवसा हाताला खरं काम द्या: तुरीच्या शेंगा सोलणं, सुंबाची दोरी वळणं, बियाणं निवडणं. पेरणीचं बियाणं देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

तरीही माणूस जाऊ शकतो, म्हणून आधीच तयारी. बंडीच्या आतून नाव, गाव आणि दोन फोन नंबर शिवा. खिशातली चिठ्ठी धुण्यात जाते. दर महिन्याला पूर्ण उंचीचा नवा फोटो काढून ठेवा. पोलीस पाटील, आशाताई, किराणावाला, बसथांब्यावरचा पानठेलेवाला, यांना मोकळेपणी सांगा. मी सांगायला लाजत होतो. सांगितल्यावर ठेलेवाल्यानंच दोनदा बाबांना खर्रा देऊन बसवून ठेवलं आणि फोन केला.

दिसले नाहीत तर पहिल्या पाच मिनिटांत घर, गोठा, संडास. लगेच विहीर, नाला, शेततळं. मग जुनं शेत, जुनं घर, बसथांबा. एकानं त्याच वेळी ११२ ला फोन करायचा. चोवीस तास थांबावं लागतं हा समज चुकीचा आहे. हाका मारल्या तर ओ येईलच असं नाही, ते जवळच दडून बसलेले असू शकतात. उभ्या तुरीत आणि पऱ्हाटीत माणूस चार हातांवरून दिसत नाही. ओळीओळीनं चालूनच शोधावं लागतं.

उन्हाळा

पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या दिवसांत या माणसांना तहान लागलेली कळत नाही, आणि कळली तरी मागता येत नाही. 'पाणी पाहिजे का?' असं विचारू नका, उत्तर 'नाही'च येतं. हातात गडवा द्या, स्वतःही प्या, ते तुम्हाला पाहून पितात. ताक, आंबील, पन्हं, पातळ कण्या, काहीही चालेल. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरला विचारा. बाबा मे महिन्यात स्वेटर घालतात. ओढून काढला तर मारामारी. मी तो मार्चमध्येच ट्रंकेत टाकतो. अंग भट्टीसारखं तापलं आणि माणूस बरळायला किंवा पेंगायला लागला तर सावलीत आणून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ बोलवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

गोळ्या, किल्ल्या, अवजारं

गोळ्या तुमच्या ताब्यात. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका, पडण्याचं प्रमाण तिनं वाढतं. सर्दी-खाजेच्या काही साध्या गोळ्याही, क्लोरफेनिरामाईनसारख्या, गोंधळ वाढवतात. गाडीची आणि ट्रॅक्टरची किल्ली खुंटीवर नको. विळे, पावशी, कुऱ्हाड एका पेटीत. बैलांजवळ एकटं सोडायचं नाही; बाबांना बैल ओळखतात, पण नवी जोडी ओळखत नाही.

सांभाळणाऱ्याची झोप

हे सगळं करून घरातली एकच बाई चोवीस तास जागी राहणार असेल तर घर सुरक्षित नाही. आमच्याकडे आई तशीच जागत होती आणि एकदा चक्कर येऊन तीच मोरीत पडली. आता रात्रीच्या पाळ्या वाटलेल्या आहेत, ओलितासारख्या. बोलायला कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७.

पुन्हा फिरा

आजार थांबत नाही, म्हणून यादीही जुनी होते. मी हंगामाला बांधून घेतलं आहे: होळीला कूलर आणि अर्थिंग, पेरणीच्या आधी औषधांची कोठी आणि मच्छरदाणी, दिवाळीनंतर कापूस आणि शेकोटी. दरवेळी वही घेऊन एक दिवस मागं मागं.

या होळीला फिरलो तेव्हा बाबा गोठ्याकडे गेलेच नाहीत. दिवसभर ओसरीवर. पण बसताना पलंगावर आदळत होते, आणि उठताना दोनदा मागं पडले. सुताराकडून पलंगाचे पाय दोन इंच उंच करून घेतले. स्टार्टरही खाली सरकवला, आता बसल्या जागेवरून बटणाला हात पोचतो.